सतरा नंबरचा बिल्ला

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. दर रविवारी चर्चमध्ये पापकबुली होते. आमच्याकडे ती सगळ्यांनी मिळून, एका सुरात म्हणायची असते. सगळ्यांनी मिळून म्हणण्यात एक सोय आहे — कुणाचं कोणतं पाप, ते वेगळं ऐकू येत नाही. त्या सोयीचा फायदा मी बरीच वर्षं घेतला. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं सोपं जात नाही.

आधी मी कोण ते सांगतो. मी बैलांचा दलाल. आमचं गाव देगलूरपासून अर्ध्या तासावर, तेलंगणाच्या अंगाला. वडील लोकांच्या शेतात राबले. मी लहानपणी बाजारात दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरून उभा राहायचो, तिथून सुरुवात. आज देगलूर, मुखेड, उदगीर — कुठल्याही बाजारात शमुवेल दलाल विचारा, लोक बोट दाखवतील. मी तीन भाषांत भाव करतो आणि चार भाषांत शिव्या देतो, असं लोक म्हणतात. खोटं नाही.

आमच्या धंद्यात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात रुमालाखाली धरतात आणि बोटांनी बोलतात. किती बोटं धरली, कोणती दाबली, ते त्या दोघांनाच कळतं. वर चेहरे कोरे. एकदा बोट धरलं की शब्द दिला. साक्षीदार नाही, कागद नाही. तीस वर्षांत धरलेलं बोट मी एकदाही नाकारलेलं नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्याचा संबंध येतो. आणि खरं सांगू का — मला ते सांगायला आवडतं, म्हणूनही.

आता मंडळीचं. आमची मंडळी — चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो — लहान आहे. मिशनच्या साहेबांनी उभी केली, मग साहेब गेले, आणि कारभार सात वडिलांच्या हातात आला. वडील म्हणजे मंडळीचे पंच समजा. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कुठून बोलवायचा, प्रभूच्या नावानं पाव आणि पेला घेण्याच्या भोजनाला कुणाला बसू द्यायचं, कुणाला नाही, सगळं ते ठरवायचे. हे सात जण तहहयात. एक मेला की उरलेले सहा बसून सातवा नेमायचे. मंडळीनं फक्त आमेन म्हणायचं.

एकदा जागा रिकामी झाली तेव्हा माझं नाव निघालं. चर्चच्या छपराचे पत्रे मी दिले होते, बाकं मी दुरुस्त करून घेतली होती. वडिलांमध्ये मुख्य होते एलिया अण्णा. ते ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "शमू चांगला हाय. पण सकाळी बाजारात आईवरून शिव्या द्यायच्या अन् सांजच्याला प्रभूची थाळी धरायची? न्हाई जमायचं." लोक हसले. नेमला कुणाला? अण्णांच्या जावयाला. तहसीलमध्ये कारकून होता. त्याच्या तोंडून शिवीच काय, धड वाक्य निघत नसे.

मी शिडी आणली आणि माझे पत्रे उतरवायला चढलो. चार उतरवलेही. मार्था, माझी बायको, खाली उभी राहून म्हणाली, "उतरा, न्हाईतर शिडी काढते." उतरलो. पुढच्या रविवारी वडिलांच्या बाकावर नेमकं ऊन पडलं आणि अण्णांनी पूर्ण उपदेश डोक्यावर टॉवेल घेऊन ऐकला. लोक अजून ती गोष्ट सांगून हसतात. मीही हसतो. पण तो अपमान मी विसरलो नाही, आणि आजही माझं मत तेच आहे: माझ्यावर अन्याय झाला होता. हे मी इथे सोडून देणार नाही. तसं दाखवलं तर तेही खोटंच होईल.

मग काही वर्षांनी मी तो वाद काढला. वडील नेमायचे की निवडायचे? मी म्हणालो, दर तीन वर्षांनी निवडणूक व्हावी. प्रत्येक सभासदाला एक मत, बाईला आणि पुरुषाला सारखं. ग्रामपंचायतीत मत चालतं, देवाच्या घरात का नको? अण्णांच्या बाजूनं शास्त्र काढलं. आमच्या बाजूनंही काढलं. बायबलातल्या पहिल्या मंडळ्यांमध्ये वडील नेमलेले सापडतात आणि सेवक निवडलेलेही सापडतात, त्यामुळे दोघांनाही हवं ते मिळालं. वर्षभर हेच चाललं. भावाभावांची बोलणी बंद झाली. एका घरात सोयरीक मोडली. गीत सुरू झालं की एक बाजू मुद्दाम गप्प बसायची.

माझं म्हणणं बरोबर होतं का? होतं. आजही वाटतं की होतं. ते चुकीचं असतं तर हे लिहिणं सोपं झालं असतं.

आता सगुणाबाईंचं सांगितलं पाहिजे. मी इतका वेळ तेच टाळतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सगुणाबाई आमच्या बायबलबाई होत्या. मिशनच्या काळात बायबलबाई म्हणजे दारोदार जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी, बायकांना अक्षर शिकवणारी बाई. मंडळीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी वाचायला शिकवलं. मलाही. माझ्या घरात पाटी नव्हती. त्यांनी अंगणातल्या धुळीत माझं बोट धरून मला 'श' काढायला लावला होता. त्यांना लेकरंबाळं नव्हती. पुतण्याच्या घरी राहायच्या, ओढ्यापलीकडं.

मला वाटलं होतं, बायकांना मत मिळणार म्हटल्यावर बाई माझ्या बाजूनं येतील. आल्या नाहीत. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाल्या, "मत मागून झालेला वडील मतवाल्यांचा होतो, शमू. सरपंचाचं बघून राहिलास की." मी भांडलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं म्हणणं खरं असंल. पण तू ते खरं हाय म्हणून बोलून राहिलास का?"

मी चहा अर्धा टाकून उठलो. इतका राग मला अण्णांचाही आला नव्हता.

आता ती रीत सांगतो, जिच्यावर हे सगळं फिरलं. प्रभुभोजन घेणाऱ्या प्रत्येक सभासदाला आमच्याकडे पत्र्याचा एक गोल बिल्ला असतो, त्यावर ठोकलेला नंबर. मिशनच्या काळापासून चालत आलेली गोष्ट. भोजनाच्या आधीच्या शनिवारी वडील घरोघर बिल्ले वाटतात. रविवारी तो दारातल्या डब्यात टाकायचा आणि आत जायचं. नंतर डब्यातले नंबर बघून वहीत खूण होते. ज्याच्या नावापुढं वर्षभर खूण नाही, त्याचं सभासदत्व संपतं. हा नियम सगळ्यांना पाठ होता आणि कुणाला कधीच लावलेला नव्हता. बाईंचा नंबर सतरा.

त्या वर्षी बाई पडल्या. मांडीचं हाड मोडलं. वर्षभर खाटेवर. तेव्हाचे पाळकसाहेब म्हातारे होते, चार गावं एकटे सांभाळायचे, आणि त्यांचीही तब्येत बिघडलेली. वर्षात एकदाच त्यांना बाईंच्या घरी भोजन घेऊन जायला जमलं. त्यांना मोटारसायकलवरून मी नेलं. मला त्याच बाजूला एक जोडी बघायला जायचं होतं, म्हणून. घरात दुसरं कुणी नव्हतं, सगळे कापसाला गेलेले. पाळकसाहेबांनी पांढरा रुमाल बाजूला केला, पाव मोडला. बाईंचा हात फार थरथरत होता. मी तो खालून धरला. मग पेलाही त्यांच्या ओठाला मीच लावला, कारण पाळकसाहेबांचे हातही काही फार स्थिर नव्हते.

निघताना बाईंनी उशाखालून बिल्ला काढला. पाळकसाहेब तिथूनच पुढच्या गावाला जाणार होते. त्यांनी तो माझ्याकडं दिला. "रविवारी डब्यात टाका, शमुवेल."

मी विसरलो. यात कपट नव्हतं. बाजाराच्या बंडीच्या आतल्या खिशात तो राहिला. मी अजूनही ती गोष्ट स्वतःला सांगतो, की सुरुवात साध्या विसरण्यानं झाली. त्यानं काय फरक पडतो?

पाच-सहा महिन्यांनी चुन्याची डबी शोधताना तो हाताला लागला. तोवर पाळकसाहेब वारले होते. वाद पेटला होता. सभा ठरली होती. मी बिल्ला हातात घेऊन उभा राहिलो — किती वेळ? फार नाही. बैल बघताना मला वेळ लागत नाही, तसाच इथंही लागला नाही. माझ्या हातात काय आहे, ते मला लगेच कळलं. मी तो परत खिशात ठेवला.

आता नीट ऐका, कारण लोक समजतात की हा एका मताचा प्रश्न होता. मतं मी घरोघर फिरून मोजली होती. आमची एकोणीस, त्यांची एकवीस. बाईंचं एक मत गेलं असतं तरी आम्ही हरलो असतो. पण बाई सभेला येणार म्हणजे खुर्चीत बसून येणार, आणि खुर्ची उचलायला चार जण लागणार. पुतण्या, त्याचे दोन भाऊ, एक शेजारी. चौघंही अण्णांच्या बाजूचे. बाईंना बाहेर काढलं तर त्या ओसरीवर थांबणार नाहीत, घरी न्या म्हणतील — मी त्यांना ओळखत होतो. ओढ्यापलीकडं जाऊन यायला अर्धा तास.

हे मी आधी ठरवलं. रागाच्या भरात नाही. राग ही माझी सबब सगळ्यांना चालते, म्हणून हे सांगतो.

सभेच्या आदल्या दिवशी मी दानिएलला शिकवून ठेवलं. दानिएल आमच्या बाजूचा, आवाज मोठा, डोकं बेताचं. नवे पाळक अध्यक्ष होते, तरुण, दोन महिन्यांपूर्वी आलेले. त्यांनी यादी वाचायला घेतली. सतरावं नाव आलं आणि दानिएल उठला. "हरकत हाय. बाईंच्या नावापुढं वर्षभर खूण न्हाई."

कुणीतरी त्याला म्हणालं, "अरे, तुला जिनं बाराखडी शिकवली तिलाच?" दानिएल माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं बघत होतो. माझे पत्रे.

बाई खुर्चीतून म्हणाल्या, "घेतलंय की मी. पाळकसाहेब आलते घरी. हा शमू घेऊन आलता त्येंना. इचारा." अगदी सहज म्हणाल्या. काळजीचं काही कारणच नव्हतं ना त्यांना.

अण्णा माझ्याकडं वळले. त्या वर्षभरात ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले असतील. "शमू, बोल बाबा."

माझा हात खिशात होता. बिल्ला बोटांत होता. बोटांना नंबर लागत होता.

मी म्हणालो, "पाळकसाहेबांना मी लई वेळा गाडीवर नेलंय. बाईंकडं नेल्याचं मला आठवत न्हाई."

बघा, कसं बोललो ते. नेलं नाही असं म्हणालो नाही. आठवत नाही म्हणालो. दलालाची भाषा आहे ही. पुढं उलटून आली तर वाट मोकळी राहते.

मला वाटलं होतं, बाई चिडतील. खोटारडा म्हणतील. मी त्याची तयारी केली होती. काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला. "शमूला आठवत न्हाई म्हनल्यावर…" त्या म्हणाल्या. "मग माझंच चुकलं असंल. म्हातारपन हाय. दुखन्यात काय बी दिसतं मानसाला."

याची तयारी मी केली नव्हती.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. नव्या पाळकांनी नियम वाचला. बाई म्हणाल्या, घरी न्या. चौघांनी खुर्ची उचलली. अण्णा म्हणाले, पोरं परत येईपर्यंत थांबू. तेव्हा मी उठलो आणि बाकावर हात आपटून ओरडलो — वर्षभर झुलवलंत, आता अर्धा तास कशाला, मत घ्या! माझा राग सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढं लोक वाद घालत नाहीत. पण त्या दिवशी मला राग आलेला नव्हता. अजिबात नाही. मी शांत होतो आणि ओरडत होतो. नव्या पाळकांनी मत घेतलं. एकोणीस विरुद्ध सोळा. पुतण्या घामाघूम होऊन दारात आला तेव्हा आम्ही आभाराची प्रार्थना म्हणत होतो.

पहिल्या निवडणुकीत मी वडील झालो. सगळ्यांत जास्त मतं मला.

आणि पद्धत चांगली चालली आहे, हेही लिहिलं पाहिजे. दोन बायका वडील आहेत. कारभार भिंतीवर लावला जातो. अण्णांचा जावई दोनदा उभा राहिला, दोनदा पडला. मोडलेली सोयरीक जुळली, त्या जोडप्याला आता लेकरू आहे. बाहेरच्या मंडळ्या आमची नियमावली मागून नेतात. मी ती देतो आणि समजावून सांगतो.

इथं थांबलो तर तुम्हाला वाटेल, कबुली झाली. सत्तेसाठी एक खोटं बोलला, अशी माणसं असतात. खरं म्हणजे मी इथवर आलो तेही पुढचं सांगायला. ते मला अजून जड जातं.

नवे पाळक भले माणूस. सभेनंतर पंधरा दिवसांत ते बाईंकडं अर्ज घेऊन गेले: सही करा, नाव परत घालतो, येत्या रविवारी भोजन आणतो. बाईंनी सही केली नाही. म्हणाल्या, "आधी मला कळू द्या, मी घेतलं होतं का न्हाई. घेतलं नसंल तर मी भर मंडळीत खोटं बोलले. मग आधी ते निस्तरलं पाहिजे." त्या येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना विचारायला लागल्या. पुतण्याच्या बायकोला, शेजारणीला. "मी घेतलं होतं का गं? पाळकसाहेब आलते का?" सगळ्या म्हणायच्या, बाई, आम्ही कापसाला गेलतो. बिल्लाही उशाखाली सापडेना. तो सापडला असता तर निदान एक गोष्ट नक्की झाली असती. त्या खाटेखाली शोधायला लावायच्या.

वडील या नात्यानं आजाऱ्यांच्या घरी पाळकांबरोबर जाणं माझं काम होतं. तसा मी एकदा गेलो. पाळक अंगणात पुतण्याशी बोलत थांबले आणि मी एकटाच आत गेलो. "सलाम, बाई," म्हणालो. आवाजावरून त्यांनी ओळखलं. डोळे जवळजवळ गेलेच होते तोवर. त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला — खालून, तसाच.

त्या हळूच म्हणाल्या, "शमू, तुला खरंच आठवत न्हाई का रे?"

आरोप नव्हता त्यात. त्या खरोखर विचारत होत्या. जगात ते माहीत असणारा मी एकटा उरलो होतो, हे त्यांना माहीत नव्हतं, पण त्या बरोबर जागी विचारत होत्या.

तेव्हा मत नव्हतं. सभा नव्हती. निवडणूक होऊन गेलेली. घरात दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं. मी हो म्हणालो असतो आणि त्यांना कुणाला सांगू नका म्हणालो असतो, तर त्यांनी सांगितलं नसतं. मला काही गमवायचं नव्हतं. बिल्ला घरी, कपाटात होता. त्यांच्या हातावर ठेवायला मला एक फेरी पुरली असती.

मी म्हणालो, "न्हाई, बाई."

का? मी खूप विचार केला आहे. त्यांनी चहाच्या वेळी विचारलेला प्रश्न माझ्या मनात होता का? असेल. लाज होती का? ती नंतर आली. खरं सांगायचं तर त्या क्षणी काहीच नव्हतं. पहिल्या वेळी जे बोललो, तेच दुसऱ्या वेळी तोंडातून निघालं.

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. हात काढून घेतला नाही. तो मलाच सोडावा लागला.

त्यानंतर बाई आठेक महिने जगल्या. भोजन घेतलं नाही. पाळक दर खेपेला विचारायचे, त्या दर खेपेला म्हणायच्या, आठवू द्या. मातीच्या दिवशी खांदा द्यायला माणसं कमी नव्हती. मी दिला. एलिया अण्णा माझ्यापुढं होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बाजारात माझ्या बोटाची किंमत अजून तीच आहे. शनिवारी मी बिल्ले वाटतो. सतरा नंबर नव्यानं ठोकून घ्यावा असं एकदा बैठकीत निघालं. मी म्हणालो, राहू द्या रिकामा. लोकांना वाटलं, मान ठेवला. तो आत्ता माझ्यासमोर आहे, कागदाच्या कडेला. एका बाजूला थोडा गंज चढला आहे.

मला विचारलं होतं त्याचं उत्तर देतो.

हो, सगुणाबाईंनी त्या वर्षी भोजन घेतलं होतं. पाळकसाहेब घरी आले होते, माझ्या गाडीवर. घरातले कापसाला गेले होते. पाव त्यांच्या तळहातावर ठेवला तेव्हा तो हात मी खालून धरला होता.